एका चौकाचे बारा दिवे

चिमट्याच्या टोकावर दिसतोय तो कण म्हणजे एलईडी. एक मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद. शिंक आली तर गेलाच. असे बारा कण जोडले, की मॉडेल रेल्वेच्या लेआउटवरच्या एका चौकातले वाहतुकीचे चारही सिग्नल जागे होतात.

हा लेआउट एचओ स्केलचा, म्हणजे १:८७. साडेतीन मीटरचा सिग्नल इथे चार सेंटिमीटरचा. त्या पोकळ खांबातून तारा खाली उतरवायच्या, म्हणून केसाइतकी बारीक, इनॅमलचा लेप असलेली तांब्याची तार घेतात. टोकावरचा लेप सोल्डरच्या गरम थेंबात जाळायचा. तांबडं टोक चंदेरी झालं, की तार जोडायला तयार. तिन्ही दिव्यांची धन टोकं एकत्र बांधली, तर सहाऐवजी चारच तारा उतरतात.

आता खरी मेख. धन टोकं एकत्र, मग अख्ख्या चौकाला रेझिस्टरही (विजेचा प्रवाह आवरणारा छोटा भाग) एकच पुरेल, असं वाटतं. मीही तसंच केलं होतं. लाल लागला, हिरवा मात्र लागेना. हिरवा एलईडीच जळाला असं समजून मी तो काढून टाकला. त्याचा काहीच दोष नव्हता. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, या हिरव्याला ३ च्या आसपास. रेझिस्टर सामायिक असला, की लाल दिवा व्होल्टेज दोनापाशीच धरून ठेवतो आणि हिरव्याच्या वाट्याला पुरेसं काही येत नाही. म्हणून प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर. ५ व्होल्टवर ४७० ओहम लावला, तर लालमधून ६ मिलिअँपिअर जातात. एवढ्याशा दिव्याला तेवढे पुष्कळ झाले.

समोरासमोरचे सिग्नल एकाच वेळी बदलतात. त्यामुळे बारा दिव्यांना आर्डुइनोच्या, म्हणजे प्रोग्राम लिहून दिवे चालवणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाच्या, सहाच पिना पुरतात. वीज मात्र मॉडेल गाडीला वीज पुरवणाऱ्या रुळांवरून घ्यायची नाही, वेगळ्या अडॅप्टरची घ्यायची.

रस्त्यावरचा सिग्नल मुळात रेल्वेचंच देणं. १८६८ मध्ये लंडनच्या संसदेजवळ उभा राहिलेला पहिला सिग्नल जे. पी. नाइट या रेल्वे इंजिनिअरने आखला होता. त्यावर रेल्वेसारखेच हलणारे हात होते आणि रात्रीसाठी गॅसचे लाल-हिरवे दिवे.

प्रोग्राममध्ये एक ओळ मी कधीच गाळत नाही. पिवळा विझल्यावर एक सेकंद चारही बाजू लाल. खऱ्या चौकात तेवढ्यात मधली गाडी बाहेर पडते.

बघा. पिवळा... सगळे लाल... आणि हा सुटला सिग्नल.