दूध भरपूर, तरी रक्त कमी

श्रोतेहो, नमस्कार.

मूल गुटगुटीत आहे, रोज दूध पितं, मग त्याच्या अंगात रक्त कमी कसं? आईवडिलांचा हा प्रश्न रास्त आहे. आणि पुष्कळदा त्याचं उत्तर त्या दुधातच असतं.

रक्तातलं हिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहून नेणारा लाल घटक, तयार व्हायला लोह लागतं. दुधात कॅल्शियम आहे, प्रथिनं आहेत, पण लोह अगदी नावापुरतं. शिवाय कॅल्शियम इतर अन्नातल्या लोहाच्या शोषणात आडवं येतं. आणि दुधानंच पोट भरलं, तर मूल जेवणार कधी? एक ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटर दूध पुरे. वर्षाच्या आतल्या बाळाला तर गाईचं दूध मुख्य आहार म्हणून देऊच नये. काही बाळांच्या आतड्यांतून त्यामुळे नकळत थोडं थोडं रक्त जातं.

जन्मताना मिळालेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो. पुढे गरज किती, ऐका. अमेरिकेतल्या आहार-शिफारशींनुसार सात ते बारा महिन्यांच्या बाळाला रोज 11 मिलिग्रॅम लोह लागतं. मोठ्या पुरुषाला? 8!

किशोरवयात ही गरज पुन्हा वाढते. उंची झपाट्यानं वाढते, मुलींना पाळी सुरू होते. 14 ते 18 वर्षांच्या मुलींसाठी शिफारस 15 मिलिग्रॅमची आहे, आणि नेमक्या याच वयात जेवण टाळण्याची हौस असते.

मांस-मासळीतलं लोह शरीर सहज घेतं, वनस्पतींमधलं बरंच कमी. पालकाचा एवढा बोलबाला, पण त्यातलं लोह फारसं अंगी लागत नाही. म्हणून डाळी-कडधान्यांबरोबर लिंबू, संत्रं, टोमॅटो असं काही हवंच. क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढतं. चहा-कॉफी मात्र जेवणासोबत नको, तासाभरानं घ्या.

हिमोग्लोबिन ठीक आलं म्हणून निर्धास्त राहू नका. आधी लोहाचा साठा रिकामा होतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. साठ्याचा अंदाज फेरिटिन, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या, रक्ततपासणीतून येतो. मूल खडू, माती किंवा बर्फ खात असेल, लवकर दमत असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. बी-12 किंवा फोलेट या जीवनसत्त्वांची कमतरता, जंत, थॅलेसेमिया हा आनुवंशिक रक्तविकार, अशीही रक्त कमी होण्याची कारणं असू शकतात. त्यामुळे मनानं गोळ्या सुरू करू नका.

आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, महिनाभरात गालांवर लाली आली, तरी त्या मध्येच थांबवू नका. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात.