गोधडीचं पोट

विषय जाहीर झालाय 'गोधडी घरातून का गेली'. त्याआधी जरा हात वर करा. घरात गोधडी आहे अशी किती मंडळी? बरीच. आता गेल्या दहा वर्षांत घरातल्याच कुणी शिवलीय, त्यांनीच हात वर ठेवा. दोन. मागच्या आजींनी दोन्ही हात वर केलेत, म्हणजे तीन धरू.

गोधडी म्हटलं की आपण लगेच मायेच्या उबेवर येतो, आणि माझी तक्रार तिथेच आहे. ऊब असते थरांत अडकलेल्या हवेची. ते थर वर्षानुवर्षं जागेवर ठेवतात टाके, आणि टाक्यांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. माया म्हणून गौरवलं, कसब म्हणून कधी मोजलं नाही, त्यामुळे ते शिकवायचं असतं हेच घरं विसरली.

आता मोजू. गोधडी सहा फूट बाय चार फूट. शिवणीच्या दोन ओळींत पाऊण इंच अंतर. सगळ्या ओळी एकापुढे एक मांडल्या तर 384 फूट शिवण होते. अर्ध्या इंचाला एक टाका धरला, पाव इंच वर आणि पाव इंच खाली, तर 9,216 टाके. सगळे हाताचे, धावदोऱ्याचे.

हे टाके घालण्याआधीचं काम त्याहून नाजूक. खाली अस्तर, मध्ये पोट म्हणजे जुन्या कापडाचा भराव, वर खोळ. अस्तर जमिनीवर ताणून पसरायचं, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. पोटाचे तुकडे कडेला कड भिडवून लावायचे. एकावर एक चढले की तिथे वळ उठतो आणि रात्रभर पाठीला टोचतो. मग मधूनच सुरुवात करून कडेकडे लांब कच्चे टाके टाचत जायचं, म्हणजे ढिलाई बाहेर निघते. पक्की शिवण मात्र उलटी, कडेपासून फेरे घेत आत येणारी. टाचण न घालता हे फेरे सुरू केले की सगळा झोळ मध्यभागी साचतो आणि शेवटच्या फेऱ्याला गोधडीच्या पोटात फुगा येतो. तो नंतर निघत नाही, उसवावं लागतं. दोराही दोन हातांहून लांब ओवू नये. कापडातून सारखा ओढला जाऊन तो पिंजतो, गुंततो.

गोव्याला लागून उत्तर कन्नडात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, तीही कडेकडून आत. तिच्या चार कोपऱ्यांना कापडाची घडीची फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी पुरी होत नाही. असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. मुख्य मुद्दा घाईनेच सांगतो.

बायकांना वेळ नाही म्हणून गोधडी गेली असं सगळे म्हणतात. मला वाटतं, आधी जुनेर, म्हणजे वापरून विरलेलं जुनं कापड, गेलं. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर सुती कापड. मधे विरलं की तेवढा भाग काढून दंड घालायचे, म्हणजे उरलेले तुकडे जोडून शिवायचे, पुन्हा नेसायचे. दंडही विरला की धड भागाचं दुपटं आणि उरलेलं गोधडीच्या पोटात. घरात कापडाला उतरती वाट होती आणि गोधडी हा तिचा शेवटचा मुक्काम. नायलॉन, पॉलिएस्टर साड्या आल्या आणि ती वाट तुटली. ते कापड घाम टिपत नाही, थरांत घसरतं. सुती कापडाबरोबर शिवलं तर धुतल्यावर सुती आटतं, हे आटत नाही, आणि अख्ख्या गोधडीला चुण्या पडतात. हाताला कापडच मिळालं नाही, तर हात विसरणारच. पोरीबाळी शेजारी बसून सुई ओवून द्यायच्या, तीच त्यांची शाळा होती. तीही गेली.

करून पाहायचं असेल त्यांनी दुपट्यापासून सुरुवात करा. अडीच फूट बाय दोन फूट, जुन्या सुती चादरीचे तीन थर, ओळींत एक इंच अंतर. 60 फूट शिवण, दोन-तीन बैठकांचं काम. दोरा सुतीच घ्या. चिवट दोरा विरलेलं कापड टाक्याशी कापतो. आणि गाठ थरांच्या आत ओढून घ्या, बाळाच्या अंगाला लागता कामा नये.