केशराखालची माती

नमस्कार श्रोतेहो. श्रीनगरला विमानानं उतरणाऱ्या आपल्या पर्यटकांची नजर आधी बर्फाच्या डोंगरांवर खिळते. पण विमानतळ ज्या सपाट माथ्यावर आहे, तो दामोदर करेवाही तितकाच बघण्यासारखा आहे. करेवा म्हणजे काश्मीर खोऱ्यातली मातीची पठारं.

पीर पंजालची रांग वर येत गेली, खोऱ्यातलं पाणी अडलं, आणि त्या जुन्या सरोवरात लाखो वर्षं गाळ साचत राहिला. पुढे झेलमनं वाट काढली नि गाळ उघडा पडला. एवढं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. आज बोलायचंय ते या गाळावरच्या पिवळसर मातीबद्दल, कारण ती पाण्यानं नव्हे, वाऱ्यानं आणली आहे.

हिमयुगात हिमनद्या डोंगरउतारावरून सरकत. त्यांच्या तळाशी अडकलेले दगड खालचा खडक घासून काढत आणि त्याची भुकटी होई. वितळलेलं पाणी ही भुकटी खाली आणून पसरवी. प्रवाह आटले की ती सुकायची, वारा उचलायचा आणि करेव्यांवर नेऊन टाकायचा. या मातीला लोएस म्हणतात. कण इतका बारीक, की मिलिमीटरचा सोळावा भागसुद्धा भरत नाही! चिमूटभर बोटांत चोळलीत तर जेमतेम खरखर जाणवेल.

तरी हिची उभी कापलेली भिंत ढासळत नाही. म्हणूनच बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन माणसांना हिच्यात खड्ड्यांची घरं खोदता आली. भिंतीत मधेमधे गडद पट्टे दिसतात. हवा उबदार झाली, धूळ कमी पडू लागली, झाडोरा वाढला, त्या काळाच्या त्या खुणा. पांपोरचं केशरही करेव्यावरच पिकतं, कारण कंदाला साचलेलं पाणी सोसत नाही आणि इथं ते मुरून जातं.

आज रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या भरावासाठी करेवे जेसीबीनं कापले जातात. मला याचं फार वाईट वाटतं. लोएसच्या कणाला शेवटचं ऊन कधी लागलं, हे प्रयोगशाळेत मोजता येतं. त्यासाठी भिंतीत नळी ठोकून नमुना काढतात आणि मंद तांबड्या उजेडातच उघडतात. गाडला गेल्यापासून कणात जणू एक घड्याळ चालू असतं. माती डंपरमध्ये पडली, तिच्यावर ऊन आलं, की ते शून्यावर येतं.