सवलतीतलं वाफेचं इंजिन

श्रोतेहो, नमस्कार.

काचेच्या कपाटात वाफेच्या इंजिनाचं, पण विजेवर चालणारं मॉडेल, बॉयलरवर तकाकणारा काळा रंग आणि शेजारी चिठ्ठी : 40 टक्के सूट. मॉडेल रेल्वेचा नाद असलेल्या माणसाचा निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. उरलेल्या निम्म्याबद्दल आज बोलू.

आधी विचारा, सूट कशापायी? नुसता रंग खपला नसेल तर उत्तम, आतलं यंत्र तेच असतं. कंपनीने त्याच इंजिनाचा नवा साचा आणला असेल, तर जुन्याच्या शिड्या, पाइप जरा जाडसर दिसतील. पण चालायला ते डावं असेलच असं नाही. गिऱ्हाइकाकडून परत आलेलं असेल, तर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि उत्पादनच बंद झालं असेल, तर सुटे भाग कुठे मिळतात ते आधी पाहा.

मग आपले रूळ. मॉडेलांची दोन मापं : एचओ म्हणजे 1:87, खऱ्या इंजिनाचा सत्याऐंशीवा भाग, आणि ओओ म्हणजे 1:76. दोन्ही 16.5 मिलिमीटरच्या रुळांवर धावतात, म्हणून फसगत होते : ओओचं प्रमाण सुमारे 14 टक्क्यांनी मोठं, ते एचओच्या मांडणीत खटकतं. इंजिन उलटं करून पोटाखाली लांब धातूची पट्टी दिसली, तर ते दोन रुळांच्या मधोमध बसवलेल्या खिळ्यांवरून वीज घेणारं आहे. त्याच्या दोन्ही बाजूंची चाकं विजेने एकमेकांना जोडलेली असतात. नेहमीच्या मार्गावर विजेची दोन टोकं दोन रुळांत असतात; तिथे ते ठेवलंत की तत्क्षणी शॉर्ट सर्किट.

वळणांचंही तसंच. मोठ्या ओओ इंजिनांच्या पेटीवर बऱ्याचदा किमान 438 मिलिमीटर त्रिज्या लिहिलेली असते आणि टेबलावरच्या छोट्या वर्तुळाची असते 371. तिथे पुढचं लहान चाक आडवं सरकून सिलिंडरला टेकतं, कधी धातूच्या सांगाड्याला घासून ठिणगी पाडतं. 'हळू नेलं तर जाईल' हे विक्रेत्याचं म्हणणं मनावर घेऊ नका.

तुमची मांडणी डिजिटल असेल, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा आदेश जात असेल, तर डिकोडरचा, म्हणजे तो आदेश वाचून मोटर चालवणाऱ्या चिपचा, सॉकेट आहे का, 8 पिनांचा की 21 पिनांचा, हे विचारा. सॉकेट नसलेल्या जुन्या इंजिनात मोटरला वीज पोचवणारा एक ब्रश बहुधा थेट सांगाड्याला टेकलेला असतो आणि सांगाडा एका रुळाशी जोडलेला. तो ब्रश सांगाड्यापासून विजेने वेगळा करून मगच लाल-काळी तार रुळांच्या विजेला आणि नारिंगी-करडी तार मोटरला जोडायची. हे न करता वीज दिली तर डिकोडर जळतो. डिकोडर, जमलं तर स्पीकर, वर मजुरी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो तो इथेच. बेरीज करूनच नव्या, सॉकेटवाल्या इंजिनाशी तुलना करा.

आता इंजिन फोमच्या गादीवर उताणं ठेवा. चाकं बोटाने जबरदस्तीने फिरवू नका. बहुतेक मॉडेलांत मोटरवर वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखा आटे असलेला गिअर असतो. चाकाकडून तो फिरत नाही आणि जोर लावला तर चाक आसावर सरकतं. चाकं एकमेकांना जोडणारे जोडदांडे ज्यांवर बसतात, त्या डाव्या-उजव्या चाकांच्या खुंट्यांमधलं 90 अंशांचं अंतर बिघडलं, की ते अडकायला लागतात.

सांगाडा उजेडात निरखून पाहा. जस्ताच्या ओतीव भागात केसासारख्या भेगा, रंगाला फोड, मधूनच आलेला बाक दिसला तर मागे फिरा. धातू ओतताना मिश्रणात शिसं गेलं की वर्षानुवर्षं आतून गंज चढतो, भाग फुगतो आणि शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. याला औषध नाही. 'थोडंसंच आहे' असंही काही नसतं.

दुसरा छुपा दोष म्हणजे तडकलेला प्लॅस्टिकचा गिअर. धातूच्या आसावर तो घट्ट बसवलेला असतो. तो ताण सोसता सोसता एक दिवस चिरतो. कपाटात बंद पडून असलेल्या, कधीही न चाललेल्या इंजिनातसुद्धा. खूण सोपी : सरळ रुळावर अगदी हळू चालवा आणि कान द्या. चाकाच्या प्रत्येक फेरीला ठरलेल्या जागी 'टक्' वाजून इंजिन हिसका देत असेल, तर बहुधा तोच. बदली गिअर मिळत असेल तरच घ्या, आणि त्याची किंमत वजा करून मागा.

त्याच चाचणीत वीजप्रवाह मोजणारा अँमीटर लावला तर बरं. आजच्या चांगल्या मोटरवालं एचओ इंजिन रिकामं धावताना साधारण 0.2 ते 0.3 अँपिअर घेतं. एक अँपिअरच्या आसपास काटा गेला आणि इंजिन तापूनही रेंगाळत असेल, तर वंगण मेणासारखं गोठलंय किंवा चुंबक क्षीण झालंय. वंगण धुता येतं; चुंबकाचं काम खर्चाचं. चाकांवरची रबरी कडी कडक झाली असतील तर घाबरू नका, ती स्वस्तात बदलतात.

घेतलंत, तर लगेच डबे जोडू नका. सांध्यांवर सुईच्या टोकाने तेलाचा एकेक थेंब, जास्त नाही. ओघळलेलं तेल चाकांवर येऊन वीज अडवतं. मग मध्यम वेगाने अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे. नंतर तुमच्या सगळ्यात तीव्र वळणावर, चढावर, आणि शेवटी पूर्ण गाडी घेऊन. 50 ला 1 चा, म्हणजे 50 सेंटिमीटरला 1 सेंटिमीटर वर जाणारा चढ असेल तर सपाटीवर ओढत होतं त्याच्या निम्मे डबे धरून चाला. हे सगळं परतीची मुदत संपायच्या आत उरका, आणि तोवर पेटीतला फोमचा साचा टाकू नका.

नमस्कार.