शिकंजा हलका करायचा आहे

(दृश्य : नागपूर, अमरावती रोड, वाडी. सकाळची वेळ. ट्रकच्या चाकाशी उकिडवा बसलेला कारागीर. बाजूला जमिनीवर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, काळा शिकंजा.)

निवेदन :

हजिऱ्याहून पारादीपकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४, हे दोन्ही नागपुरात भेटतात. देशाच्या चारी दिशांचे ट्रक या शहरातून जातात आणि त्यातले बरेचसे इथं वाडीत थांबतात, कारण ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं इथं आहेत. आणि ट्रक जिथं थांबतो तिथं टायरवाला असतोच. टिनाचं शेड, कॉम्प्रेसर, पाण्याचा हौद, टायर उचकटायची टॉमी, हातोडा, कानस. हायवेवरच्या कितीतरी दुकानांच्या पाटीवर केरळचं नाव दिसतं. देशातलं सर्वात जास्त नैसर्गिक रबर तिथं पिकतं, आणि रबराचं काम हाती घेऊन तिथली माणसं रस्त्याच्या कडेकडेनं देशभर पोचली.

आज आपण या दुकानातली एकच वस्तू बघणार आहोत. हा शिकंजा, आणि तो हलका कसा करता येईल ते.

(दृश्य : शिकंजा जवळून. वर स्क्रू, खाली जाड पाटा, पाट्याच्या वर वाटीसारखी खोलगट जागा.)

ट्यूबवर गरम ठिगळ लावायचं ते याच्यावर. फाटलेली जागा कानशीनं खरवडायची, सोल्युशन, म्हणजे रबर चिकटवायचा द्राव, लावून वाळू द्यायचं, वर कच्च्या रबराचा तुकडा ठेवायचा आणि हे सगळं पाट्याखाली दाबून स्क्रू आवळायचा. मग वाटीत थोडं पेट्रोल किंवा रॉकेल ओतून पेटवायचं. काही दुकानांत वाटीच्या जागी इंजिनाचा जुना पिस्टन उलटा वापरलेला दिसतो. जाळ विझतो, लोखंड तापलेलं राहतं, आणि त्या तावावर ठिगळ ट्यूबशी एकजीव होतं.

एकजीव होतं, हे शब्दशः खरं आहे. कच्च्या रबराचे लांबच लांब रेणू एकमेकांत नुसते गुंतलेले असतात. ताणले की घसरतात. त्यात गंधक मिसळून उष्णता दिली की गंधकाचे छोटे पूल एका रेणूला दुसऱ्याशी बांधतात. चार्ल्स गुडइयरला हे १८३९ मध्ये गवसलं, १८४४ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं, आणि आजही टायरच्या कारखान्यात मूळ क्रिया तीच आहे. कारागीर ठिगळाखाली तोच कारखाना हातभर जागेत मांडतो. त्याला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात : ताव, दाब आणि वेळ.

ताव साधारण १४० ते १५० अंश सेल्सिअस हवा. दहा अंश वाढले की क्रियेचा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणजे पाटा १३० वर राहिला तर ठिगळ कच्चं, आणि १७० च्या पुढे जाऊन बराच वेळ तिथं राहिला तर नैसर्गिक रबरात बांधलेले पूल पुन्हा तुटू लागतात. रबर मऊ, चिकट होतं. ट्यूब बाहेरून ठीक दिसते आणि दोन दिवसांनी त्याच जागी सुटते.

(दृश्य : तापलेल्या पाट्यावर बोटानं पाण्याचा थेंब सोडला जातो.)

मग थर्मामीटर नसताना ताव कळतो कसा? पाण्याच्या थेंबानं. थेंब पडताक्षणी चर्र करून उडाला तर ताव जमला. थेंब न उकळता गोळी होऊन पाट्यावर पळू लागला तर ताव फार झाला. यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे : साधारण १९० ते २०० अंशांच्या पुढे थेंबाखाली वाफेचा थर तयार होतो आणि थेंब त्या थरावर तरंगतो. ज्या कारागिराच्या हाताखाली ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्याच्या ज्ञानाला कमी लेखून कोणी नवं यंत्र बनवायला बसेल तर ते यंत्र दुकानात टिकणार नाही. या माणसाला काय कळतं ते आधी समजून घ्यायचं, मग पेन्सिल उचलायची.

आता वजनाकडे येऊ. बीड एवढं का?

जाड बिडाचा तवा चुलीवरून उतरवला तरी शेवटची भाकरी त्याच्यावर निघते, पातळ पत्र्यावर निघत नाही. शिकंज्याचं तेच आहे. पेट्रोल काही मिनिटांत जळून जातं, पण रबराला उष्णता त्याहून बराच जास्त वेळ लागते. मधला वेळ भरून काढतं ते लोखंड. शिवाय मोजून ओतलेलं पेट्रोल आणि ठरलेल्या वजनाचं लोखंड यांचा मेळ बसला की ताव आपोआप एका मर्यादेत राहतो. म्हणजे हे वजन आळसानं ठेवलेलं नाही. थर्मोस्टॅट नव्हता, त्याचं काम बीड करत होतं.

आणि म्हणूनच आज ते उतरवता येतं. वीज आली, थर्मोस्टॅट आला, तरी विजेवर चालणारी कितीतरी यंत्रं अजून त्याच जाड पाट्यांवर बनतात. आत हीटर घातला, साचा मात्र जुनाच ठेवला. ज्या कारणासाठी लोखंड होतं ते कारण गेलं, लोखंड राहिलं. ते तापवायची वीज दुकानदार रोज भरतो आणि ते उचलण्याचा भार रोज कोणाच्या तरी कमरेवर पडतो.

(दृश्य : हिंगणा एमआयडीसीतलं छोटं वर्कशॉप. लेथवर ॲल्युमिनियमची पाटी.)

हिशेब मांडून बघू. बारा सेंटिमीटर लांब, बारा रुंद, पाच सेंटिमीटर जाड असा बिडाचा पाटा सव्वापाच किलोच्या आसपास भरतो. तीस अंशांपासून दीडशेपर्यंत तो तापवायला ३०० वॉटच्या हीटरला सोळा मिनिटं लागतील, तीही हवेत जाणारी उष्णता न धरता. त्याच लांबी-रुंदीची ॲल्युमिनियमची दोन सेंटिमीटर जाड पाटी घ्या. वजन पाऊण किलोच्या जरा वर. तोच हीटर तिला पाच मिनिटांच्या आत तापवतो. ॲल्युमिनियम उष्णता बिडाच्या जवळपास चौपट सहज वाहून नेतं, त्यामुळे पातळ पाटीतही मधोमध आणि कोपऱ्यावर ताव सारखा राहतो. घासाघीस करून पाटी एक सेंटिमीटरवर आणता येईल, पण मी आणणार नाही. स्क्रू आवळल्यावर ती वाकली तर ठिगळाच्या कडा दाबाबाहेर राहतील.

पाटी हलकी झाली की एक नवी अडचण येते. थंड टायर टेकवला की तिचा ताव झपकन उतरतो, आणि हीटर सुरू राहिला तर तितक्याच वेगानं चढतोही. साठवण गेली, आता राखण करणारा पहारेकरी चांगला हवा. कपड्यांच्या इस्त्रीतला थर्मोस्टॅट स्वस्त आहे, कोणत्याही दुरुस्तीवाल्याकडे मिळतो, पण त्याचा ताव दहा-पंधरा अंश खाली-वर होत राहतो, आणि दहा अंशांनी काय होतं ते आपण पाहिलं. तापमान आकड्यात दाखवणारा डिजिटल कंट्रोलर आणि पाटीत खोलवर बसवलेला, तिचा ताव मोजणारा थर्मोकपल घेतला तर खर्च काही शे रुपयांनी वाढतो. लोखंडातून वाचलेले पैसे इथं घालावेत, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या जोडीला थर्मल फ्यूज. कंट्रोलर अडकला तर हा फ्यूज वितळून हीटर बंद करतो. आणि अर्थिंग. धातूची पाटी, ओली जमीन, हौदातून काढलेली ट्यूब, अनवाणी पाय. इथं एक वायर वाचवणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ आहे. अर्थिंग नसलेलं यंत्र कितीही स्वस्त असलं तरी विकू नये.

वीज किती लागते? वर एक आणि खाली एक, अशा दोन पाट्यांचे मिळून ६०० वॉट. घरगुती प्लगला हा भार काहीच नाही. ट्रकच्या २४ व्होल्ट बॅटरीवर हेच यंत्र चालवायचं तर पंचवीस अँपिअर लागतील, म्हणजे जाड वायर आणि व्यवस्थित कनेक्टर हवेत, पण होण्यासारखं आहे.

(दृश्य : कापलेल्या टायरचा छेद. रबराचे आणि दोऱ्यांचे थर.)

दोन पाट्या का, एक का नाही? कारण रबर स्वतःच उष्णता अडवतं. त्यातून ताव आत जायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गानं वाढतो. दहा मिलिमीटर आत पोचायला ढोबळमानानं पंधरा ते वीस मिनिटं लागत असतील, तर वीस मिलिमीटर आत पोचायला त्याच्या चौपट. म्हणून वीस मिलिमीटरचा टायर एकाच बाजूनं तापवला तर तास उलटून जातो आणि वरचा थर करपायला लागतो. दोन्ही बाजूंनी तापवला तर उष्णतेला दोन्हीकडून दहाच मिलिमीटर चालायचं असतं. पाटी कितीही चलाख बनवा, रबराचा हा वेळ कमी होत नाही. घाईत असलेल्या ड्रायव्हरला हे समजावणं अवघड असतं, आणि ताव वाढवून वेळ वाचवायचा मोह तिथूनच सुरू होतो.

आता दाब. सोल्युशनमधला उडून न गेलेला पातळक, रबरातला ओलावा यांची तापल्यावर वाफ होते. दीडशे अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या पावणेपाच पट असतो. तेवढ्यानं ठिगळाखाली बुडबुडे येतात आणि रबर जाळीदार होतं. त्या वाफेला दाबून ठेवायला दर चौरस सेंटिमीटरला चार ते साडेचार किलो दाब हवा. आपल्या पाटीचं क्षेत्रफळ १४४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे एकूण जोर सहाशे किलोच्या आसपास. एका स्क्रूनं हा जोर सहज येतो. तो सहन करायचा आहे सांगाड्याला.

जुना सांगाडा इंग्रजी सी अक्षरासारखा, एका बाजूनं उघडा. स्क्रू आवळला की त्याची पाठ वाकायला बघते, आतली बाजू ताणली जाते, आणि बीड नेमकं ताणालाच कच्चं. म्हणून पाठ जाड, अजून जाड. ट्यूबसाठी या उघड्या बाजूची गरजच नाही. वर एक आडवी पट्टी, खाली एक, दोन्ही टोकांना बोल्ट. ट्यूब मधून आरपार जाते. जोर दोन खांबांवर वाटला जातो आणि पट्टीवरचा वाकवणारा भार निम्म्याहून खाली येतो. साध्या पोलादी पट्ट्यांचं हे काम कोणताही वेल्डर करू शकतो. ओतकाम नको, साचा नको. पाटी आणि सांगाड्याच्या मध्ये अभ्रकाचा थर घालायचा, नाहीतर पाटीतली उष्णता सांगाडाच पिऊन टाकतो. त्या जागी ॲस्बेस्टॉस वापरायची सवय पुष्कळ ठिकाणी होती. ती सोडायलाच हवी, त्याचा धूलिकण फुप्फुसात गेला की बाहेर येत नाही.

सगळं मिळून वजन सात-आठ किलोंत बसावं.

टायरचं प्रकरण वेगळं. तिथं काठावरून आत पोचावं लागतं, सी आकार टाळता येत नाही, आणि गळा जितका खोल तितका वाकवणारा भार जास्त. एकाच यंत्रात ट्यूबही आणि टायरही, हा हट्ट धरला की वजन परत येतं. दोन वेगळी यंत्रं करावीत. टायरसाठी एक चांगली वाट अशी : आतून हवेची पिशवी, बाहेरून पट्ट्यानं आवळलेला लवचिक हीटर. पिशवी टायरच्या गोलाईशी जुळवून घेते, वाळूची थैली वापरणारे जुने कारागीर हेच साधत आले आहेत. दाब देणारा कॉम्प्रेसर दुकानात आधीपासून आहे. मात्र पिशवीवर दाबाची झडप हवी आणि पट्टा पक्का बसल्याशिवाय हवा भरायची नाही.

प्रत्येक टायरवर हे चालत नाही. तारेच्या रेडियल टायरच्या बाजूच्या भिंतीत मोठा काप असेल, तारा तुटल्या असतील, तर वरून कितीही सुंदर ठिगळ बसलं तरी तुटलेली तार जुळत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर असा टायर घेऊन जाणं म्हणजे मरण सोबत नेणं. हे यंत्र कितीही चांगलं झालं तरी तिथं कारागिरानं नाहीच म्हणावं.

(दृश्य : काटोल रस्ता. कापूस निघून गेलेलं शेत. ट्रॅक्टर.)

म्हणून हलकं यंत्र सर्वात आधी हायवेवर जावं, असं मला वाटत नाही. ते इथं यावं. काटोल, उमरेड, सावनेरकडच्या गावांत. पऱ्हाटी कापल्यावर जमिनीत राहिलेली धसकटं, तुरीची खुंटं ट्रॅक्टरच्या टायरमध्ये शिरून आतली ट्यूब फोडतात. ट्रॅक्टरचा टायर हळू चालतो, त्यात हवेचा दाब ट्रकच्या मानानं फार कमी असतो, आणि आपल्याकडे तो बहुतेक नायलॉनच्या दोऱ्यांचा असतो. गरम दुरुस्ती नीट केली तर तो ती चांगली पेलतो. पण टायर उतरवून, गाडीत टाकून नागपूरला आणायचा तर पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याचा अख्खा दिवस जातो. ट्यूबचा हा सात-आठ किलोचा शिकंजा मोटरसायकलच्या मागे बांधून बांधावर नेता येतो, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवता येतो. ती बारा व्होल्टची असते, म्हणून तिथं एकच पाटी, ३०० वॉट, पंचवीस अँपिअर, आणि इंजिन सुरू ठेवून. वर्कशॉपमध्ये आता जी पाटी लेथवर चढली आहे, तिच्यात हीटर बारा व्होल्टचाच बसवला जातो आहे.