रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे काय?

तुमच्यापैकी बरेच जण आत्ताच पीएचडीला लागलेत आणि प्रत्येकाला सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएचा क्रम वाचणं, शिकायचंय, ते शिकालच, पण आज मी रक्ताच्या एका गुठळीबद्दल बोलणार आहे, कारण मला हे काम तिच्यामुळेच कळलं.

फॅक्टर तेरा नावाचं एक प्रोटीन असतं. गुठळी झाली की तिचे धागे एकमेकांना पक्के बांधायचं काम ते करतं. साधारण २० लाखांत एखाद्याला ते जन्मापासूनच नसतं, मग बाळाची नाळ पडल्यावर बेंबीतून रक्त येत राहतं, कधीकधी मेंदूत रक्तस्राव होतो. आणि गंमत नाही ही, पीटी करा, एपीटीटी करा (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या नेहमीच्या टेस्ट), प्लेटलेट मोजा, सगळं नॉर्मल येतं! पीटी-एपीटीटीत गुठळी धरायला किती सेकंद लागले तेवढंच दिसतं, धरलेली गुठळी टिकते का ते तिथे कोणी बघतच नाही.

ते बघायची जुनी टेस्ट अगदी साधी आहे. प्लाझ्मात, म्हणजे पेशी काढल्यावर उरलेल्या रक्ताच्या द्रवात, कॅल्शियम घालून गुठळी करायची, युरियाच्या ५ मोलर द्रावणात सोडायची, शेजारच्या ट्यूबमध्ये नॉर्मल माणसाची गुठळी, आणि २४ तास थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नॉर्मलवाली तशीच असते, पांढुरकी, ट्यूब तिरकी केली की हळूच घसरते. पेशंटची ट्यूब नितळ. काहीच नाही तिच्यात, गुठळी विरघळून गेलेली. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ट्यूब उजेडात धरून किती वेळ उभी होते!

पण ही टेस्ट फसवते पण. फॅक्टर अगदीच कमी असेल तरच पकडते, आणि गावाकडच्या दवाखान्यात बाळाला आधीच प्लाझ्मा दिलेला असेल तर खोटं नॉर्मल दाखवते, कारण हा फॅक्टर रक्तात आठवड्याहून जास्त टिकतो (म्हणूनच तर महिन्यातून एकदा फॅक्टर दिला तरी बाळ सुरक्षित राहू शकतं, किती मोठी गोष्ट आहे ही). म्हणजे आईला विचारलं नाही की रक्त कधी, काय चढवलं, तर तुमचं मशीन कितीही भारी असो, निदान चुकलं.

आपल्या परळचंच उदाहरण घ्या. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये बॉम्बे ब्लड ग्रुप जगापुढे आणला. नेहमीच्या टेस्टमध्ये हे रक्त ओ ग्रुपचं वाटतं, पण त्यात एच अँटिजेनच, म्हणजे ओ ग्रुपच्या रक्तपेशींवरही असणारी खूणच, नसतो आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी असतात, त्यामुळे ओ ग्रुपचं रक्त दिलं तरी जिवावर बेतू शकतं. रक्त जुळत नाही म्हटल्यावर भेंडे आणि त्यांचे सहकारी का जुळत नाही हे शोधत बसले, म्हणून सापडलं.

आता माझी चूक सांगते, कारण तुमच्याकडून तीच होणार आहे. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) लागतं. मी नवीन होते तेव्हा अर्धी भरलेली ट्यूब तशीच लावली, सायट्रेट जास्त झालं, एपीटीटी लांबला, आणि ज्या पोराला काही नव्हतं त्याला परत बोलावलं. वडील रात्रभर एसटीने त्याला घेऊन आले, दोन दिवसांची मजुरी बुडवून. एका शब्दानेही रागावले नाहीत, फक्त विचारलं, मॅडम, आता तरी नीट निघेल ना?

आपल्या विषयात पाच वर्षांत कधीकधी १५-२० कुटुंबंच मिळतात, त्यातलं एक सॅम्पल वाया गेलं तर दुसरं येत नाही. म्हणून माझ्याकडे पहिले तीन महिने कोणी पिपेट धरत नाही. सोमवारी सकाळी नऊला सगळ्यांनी ओपीडीत यायचं, सिस्टरांच्या शेजारी बसून ट्यूब कशी भरतात ते बघायचं, आणि वहीत पहिला प्रश्न लिहून आणायचा, नाळ पडली तेव्हा किती दिवस रक्त येत होतं.