दर महिन्याला न्यूमोनिया होत नसतो

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आशाताई आणि लहान मुलांच्या आई-आज्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

माय-बहिणींनो, आशाताईंनो,

तुमच्यापैकी कितीतरी जणी लेकरांच्या फाइली घेऊन आल्या आहात. तीन-चार वर्षांचं मूल, आणि दर महिना-दीड महिन्याला तेच लिहिलेलं: सर्दी, खोकला, छाती भरली, इंजेक्शन, सलाईन, अँटिबायोटिक. चार दिवसांत उतार, पुढच्या महिन्यात पुन्हा तोच पाढा. "डॉक्टर, याला घडीघडी न्यूमोनिया होते," असं तुम्ही सांगता. एरवी खेळत्या-खात्या लेकराला दर महिन्याला न्यूमोनिया होत नसतो. तिथं दम्याचा विचार व्हायलाच हवा, आणि नेमका तोच आपण टाळतो.

आधी न्यूमोनियाचं बोलू, कारण त्यात उशीर चालत नाही. लेकरू शांत असताना झबलं वर करा, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60, वर्षाच्या आतल्याचे 50 आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, दूध-पाणी सुटलं असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर 108 ला फोन करा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 1980 च्या दशकाच्या अखेरीस गावातल्या माणसांना आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. न्यूमोनियाचे बालमृत्यू त्यानं खरोखर घटले. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधन तयार केलं होतं. तुमच्या हातात तर मोबाइल आहे. लसही चुकवू नका: न्यूमोकोकलची लस 2021 पासून आपल्याकडे सरकारी लसीकरणात मोफत आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयाला.

आता दमा. लहान मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं रीतीचंच आहे. ती बहुतेक विषाणूंची असते, तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. पण बाकीच्या मुलांची सर्दी नाकातच संपते आणि तुमच्या लेकराची दरवेळी छातीत उतरते, सुईसुई वाजतं, पहाटे खोकल्यानं झोपमोड होते, हसलं, रडलं, पळालं की ढास लागते, घरात कुणाला दमा आहे किंवा लेकराच्या अंगावर खाजरे चट्टे उठतात. हे जुळत गेलं की दमाच असण्याची शक्यता मोठी. एवढ्या लहान वयात फुंकून करायची तपासणी जमत नाही, म्हणून आई काय सांगते यावरच निदान उभं राहतं. रात्रीचा खोकला सांगायला विसरू नका.

दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते. सर्दी झाली की त्या आवळतात. सलाईननं त्या सुटत नाहीत, पंपानं, म्हणजे श्वासावाटे औषध देणाऱ्या इनहेलरनं, सुटतात. पंपाची सवय लागते ही भीती घराघरात आहे, आणि तिच्यापायी मुलं फार सोसतात. हिशेब बघा: साल्ब्युटामॉलच्या नेहमीच्या सिरपच्या चमचाभरात 2 मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे विसावा भाग. तेही थेट छातीत जातं. हा झाला दम उठल्यावरचा पंप. सूज उतरवणारा दुसरा पंप लेकरू बरं दिसत असतानाही रोज द्यायचा असतो. तो दोन आठवड्यांत बंद केला जातो आणि मग "पंपानं काही झालं नाही" असं म्हटलं जातं. त्यातल्या स्टेरॉइडमुळे उंची थोडी, साधारण एखादा सेंटिमीटर, कमी भरू शकते. पण रात्ररात्र धापा टाकणाऱ्या मुलाचं नुकसान त्याहून कितीतरी मोठं आहे.

लहान मुलाला पंप नुसता तोंडात देऊ नका, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं, लावा. पंप हलवा, मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवा, एकच फवारा, मग पाच-सहा श्वास घेऊ द्या. दुसरा फवारा अर्ध्या मिनिटानं. सूज उतरवणाऱ्या पंपानंतर चूळ भरायला लावा, तोंड पुसा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळू द्या. फडक्यानं पुसलात तर औषध आत भिंतीला चिकटतं. स्पेसर मिळत नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडूनही तो बनतो. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी हे मुलांवर तपासलं आहे, काम चोख होतं.

सोयाबीन काढताना उडणारं कुटार, पऱ्हाट्यांचा म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा धूर, डासांची अगरबत्ती यांनी या छात्या बिघडतात. भाव वाढेल म्हणून ज्या खोलीत कापूस भरून ठेवला आहे, तिथं लेकराला निजवू नका. घर दोन खोल्यांचं असतं हे मला ठाऊक आहे. मग निदान कापूस भरताना, काढताना त्याला शेजारी पाठवा. सिलिंडर महाग पडतो म्हणून पाणी चुलीवर तापतं, तर ती चूल अंगणात मांडा.

आणि दुकानातून खोकल्याचं औषध आणून पाजू नका. 2025 मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या एका विषारी सिरपनं लेकरांच्या किडन्या गेल्या. त्यातली कितीतरी आपल्या नागपुरात उपचार घेताना दगावली.

आता ज्यांच्या पिशवीत पंप आहेत त्यांनी ते घेऊन पुढं या. तुम्ही कसा देता ते आधी मला दाखवा. आशाताई, त्या रिकाम्या बाटल्या इकडं आणा.